करमुद्रा जुळत नाही

मी उत्कर्षा सनदी नाही, ही बातमी मला मिरजेच्या पडताळणी केंद्रात चहा पिताना मिळाली. परीक्षा उत्तम झाली अशी माझी खात्री होती. रुग्ण म्हणून खाटेवर झोपलेले कोळेकरमामा खूश होते, सुई पहिल्याच प्रयत्नात शिरेत गेली होती, रक्ताचा थेंबही सांडला नव्हता. मी निवांतपणे बशीतली बिस्किटं संपवत होते. तेवढ्यात परीक्षक अणवेकर मॅडम आतून आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, की चेहरा जुळतोय, बोटांचे ठसे जुळताहेत, डोळ्यांची बुबुळंही जुळताहेत. पण जर्मनीत जिनं नर्सिंगचं शिक्षण पूर्ण केलं, ती मुलगी तुम्ही नाही. मला वाटलं, थट्टा चाललीय. मी हसले. मॅडम हसल्या नाहीत, तेव्हा हातातलं बिस्कीट मी परत बशीत ठेवलं.

आता हे करमुद्रेचं प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर माझ्यासारखाच तुमचाही गोंधळ होईल. पूर्वी परदेशी शिकून आलेल्या नर्सची पडताळणी म्हणजे तिच्या कागदांची पडताळणी असायची. पदवी, गुणपत्रक, अनुभवाचा दाखला आणि त्यावर चार शिक्के. मग असे दिवस आले, की संगणकाला नुसतं सांगितलं तरी तो हवे तसे कागद शिक्क्यांसकट बनवून देऊ लागला. खात्री करायला कॉलेजात फोन लावावा तर पलीकडून बोलणारे प्राचार्यसुद्धा बनावट निघू लागले. कुणाच्या हातात सुई द्यावी आणि कुणाच्या नाही, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी शहाण्या माणसांनी ठरवलं, की कागद जाऊ देत, आता हातच तपासायचे.

नवं काम शिकताना मेंदूचा पुढचा भाग राबत असतो. म्हणून आपण अडखळतो, घाम फुटतो. तेच काम शेकडो वेळा केलं, की ते मागच्या बाजूच्या लहान मेंदूच्या स्वाधीन होतं, आणि मग मनात भलतेच विचार चालू असले तरी हात आपलं काम चोख करत राहतात. या अवस्थेत प्रत्येकाच्या हाताची एक चाल ठरून जाते. बोटांचा दाब, बारीकशी थरथर, दोन हालचालींमधली उसंत. ही चाल ज्याची त्यालाही ठाऊक नसते, त्यामुळे तिची नक्कल करता येत नाही. पातळ हातमोज्यांत संवेदक बसवून ही चाल शिक्षणभर टिपत राहायची आणि शेवटी पदवी म्हणून तीच द्यायची, अशी ही करमुद्रा. नर्स ज्या देशात जाईल तिथे तिनं मोजे घालून काम करून दाखवायचं, की यंत्र सांगतं, हे हात शिकलेले आहेत का आणि शिकलेले ते हेच हात आहेत का. नोंदणी झाल्यावरही सुटका नाही. ड्युटीवर मोजे घालूनच काम करायचं. हाताची चाल बदलली की मनगटापाशी मोज्याची गुरगुर सुरू होते, आणि ती थांबली नाही तर इन-चार्ज येऊन तुम्हाला खाटेपासून बाजूला करते. तुमच्या जागी दुसरी कुणी कामावर येऊ नये, म्हणून ही सोय.

खरं सांगायचं तर मला ही पद्धत फार आवडायची. माझं काम चांगलं होतं आणि त्याचा पुरावा माझ्या हातात होता. आता तोच पुरावा मला चोर ठरवत होता, आणि कुणावर चिडावं तेही कळत नव्हतं.

मॅडमनी पुढचं सगळं नीट समजावलं. आणखी एक परीक्षा मिळेल. तीही जुळली नाही, तर दुसऱ्या कुणाला आपल्या नावावर बसवून पदवी मिळवली असा अर्थ लावला जाईल, प्रकरण पोलिसांत जाईल आणि या देशात मला पुन्हा नर्स म्हणून उभं राहता येणार नाही. त्या हे सगळं फार हळू आवाजात बोलत होत्या. मी मात्र तावातावानं विचारलं, की मग ती तीन वर्षं थंडीत सायकल मारत रुग्णालयात कोण जात होतं? त्यांचा काही दोष नव्हता, पण मी दार जरा जोरातच लावलं.

मी जर्मनी सोडून आले होते ती अण्णांसाठी. माझे वडील बाजीराव सनदी आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत आले. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. दंडाखाली धमनीला शीर जोडून फिस्टुला केलेला, त्यात दर वेळी दोन जाड सुया. त्या सुयांना अण्णा इतके घाबरायचे, की आदल्या दिवसापासून जेवण जायचं नाही. एकदा कुणाचा तरी हात चुकला, सगळा हात काळानिळा पडला, आणि त्यानंतर ते दोन वेळा गेलेच नाहीत. फुफ्फुसांत पाणी झालं, मरता मरता वाचले. आत्यानं फोनवर हे सांगितलं त्याच दिवशी मी तिकडची नोकरी सोडली. मिरजेच्या डायलिसिस केंद्रानं मला घ्यायचं कबूल केलं होतं, फक्त नोंदणी झाली की. अण्णांना सुई मी लावणार होते. मला एवढंच हवं होतं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. अण्णांना आधी मजाच वाटली. म्हणाले, मग आमच्या घरात ही पाहुणी कोण आलीय, तिला चहा तरी द्या. आत्या मात्र हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग भाजी निवडता निवडता सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "तिकडं कुणाला बसवलंवतंस काय गं? खरं सांग. आम्ही कुणाला बोलणार न्हाई."

मला इतकं लागलं ते. आई अर्धांगानं पडली होती तेव्हा मी शाळकरी होते. आत्यानं आणि मी मिळून तिला सहा वर्षं सांभाळलं. कूस बदलायची, अंग पुसायचं, घास भरवायचा, सगळं मला आत्यानंच शिकवलं होतं. आणि तीच आता मला हे विचारत होती. मी ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी अण्णांचंही लक्षण बदललं. पेपर वाचता वाचता त्यांनी विचारलं, "लहानपणी तू माझ्या क्लॅरिनेटमध्ये काय घातलं होतंस गं?"

"शेंगदाणा," मी म्हणाले.

"चिंचोका होता."

"शेंगदाणाच होता अण्णा. तुम्ही मारलंत म्हणून मला चांगला लक्षात आहे."

ते बरं म्हणाले आणि पेपर पुन्हा वर धरला, पण पान काही उलटलं नाही. आत्या आतून ओरडली, की क्लॅरिनेटमध्ये घालणारी मी नव्हतेच, तो शेजारचा मुलगा होता, आणि त्यानं काय घातलं होतं ते कुणालाच कळलं नाही. मी तिथेच सोफ्यावर बसून राहिले. आता मला तो शेंगदाणाही नीट आठवेना. माणसानं आपण आपणच आहोत हे कसं सिद्ध करायचं असतं, हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत.

मग मी फ्राऊ लिंडनर यांना फोन लावला. त्या माझ्या तिकडच्या शिक्षिका. त्या मला ओळखतील याची मला खात्री होती आणि त्यांनी ओळखलंही. उलट माझी बाजू घेऊन त्या यंत्रावर चांगल्याच भडकल्या. म्हणाल्या, की असं कसं म्हणतात ते, तू तर माझी सगळ्यात शांत विद्यार्थिनी. वॉर्डात तुझा आवाज कधी ऐकूच यायचा नाही. मिरजेत मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबत नाही. शाळेत बाई मला बोलते म्हणून रोज मागच्या बाकावर पाठवायच्या. फ्राऊ लिंडनर नेमकं कुणाबद्दल बोलत होत्या? आभार मानून फोन ठेवला तेव्हा माझी मलाच शंका यायला लागली होती.

दोन दिवसांनी अणवेकर मॅडमनी स्वतःहून बोलावलं. नियमात नव्हतं, पण त्यांनी मला दोन्ही चित्रणं शेजारी शेजारी लावून दाखवली. त्या पूर्वी सरकारी दवाखान्यात वॉर्डच्या इन-चार्ज होत्या आणि हात बघून माणूस ओळखायची त्यांना सवय होती.

डावीकडे जर्मनीतली मी. म्हातारे गृहस्थ खाटेवर आहेत. मी त्यांना आडनावानं हाक मारते, काय करणार ते एका वाक्यात सांगते आणि कामाला लागते. मनगट दोन बोटांनी धरलेलं, कोपर स्थिर, एकही हालचाल वाया जात नाही. मला ती बाई फार आवडली. थोडी भीतीही वाटली तिची.

उजवीकडे चार दिवसांपूर्वीची मी, कोळेकरमामांच्या खाटेशी. पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस इथे हौसेनं रुग्ण म्हणून झोपायला येतो. परदेशी शिकून आलेल्यांना इथल्या माणसाशी वागता येतं का, हेही बघायचं असतं म्हणून. मी खुर्ची ओढली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "काय मामा, गाव कुठलं तुमचं?" आणि मामा हा शब्द तोंडातून निघाला तिथून माझे हात बदलले. माझा अंगठा त्यांच्या तळहातात शिरला. दुसऱ्या हातानं मी त्यांची बाही सारखी केली, कपाळावरचे केस मागे सारले. मग स्पिरिटनं जागा पुसली, सुई उचलली आणि लावायच्या आधी वाकून त्या जागेवर हलकेच फुंकर घातली.

मॅडमनी चित्र तिथेच थांबवलं.

मी खुर्चीत आक्रसून गेले. जंतू मारून साफ केलेल्या जागेवर नर्सनं फुंकर घालायची, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही शोभणार नाही. तोंडातले सगळे जंतू मी त्या जागेवर पसरले होते. आणि मला त्याची आठवणसुद्धा नव्हती. मी शपथेवर सांगितलं असतं की मी असं काही केलंच नाही.

"हे कुणी शिकवलं?" मॅडमनी विचारलं.

मला सांगायला वेळ लागला नाही. आईच्या पाठीला झोपून झोपून जखमा झाल्या होत्या. आत्या औषध लावायची आणि झोंबू नये म्हणून फुंकर घालायची. मीही घालायचे. सहा वर्षं.

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते करमुद्रा शोधून काढणाऱ्यांनाही उशिराच कळलेलं होतं. हात जे शिकतात ते एकटं शिकत नाहीत. ज्या भाषेत, ज्या वासात, ज्या माणसांत शिकलं, त्यांच्यासह ते आत जाऊन बसतं. एकच काम दोन ठिकाणी वेगवेगळं शिकलं, तर लहान मेंदूत दोन्ही शिक्षणं शेजारी शेजारी राहतात आणि समोर जशी खूण दिसेल तसं त्यातलं एक उठून येतं. बऱ्याच जणांत ती हळूहळू मिसळून जातात. माझ्यात ती मिसळलीच नव्हती, कारण तिकडे मी कधी कुणाला मामा म्हणाले नव्हते आणि इकडे कधी नर्स म्हणून उभी राहिले नव्हते.

मी भांडून बघितलं. माणसाला माणूस म्हणून वागवणारी नर्स तुम्हाला नको का, असं जरा चढ्या आवाजात विचारलं.

"बोला की, बोलायला कोण नको म्हणतंय?" त्या म्हणाल्या. "मामा म्हणा आणि फुंकर घालू नका. पुष्कळ जणींना जमतं. तुम्हाला जमतं का बघा. तुम्ही खोट्या नाही आहात उत्कर्षा, तुम्ही दोघीही खऱ्या आहात. पण मला नोंदणी एकीचीच करता येईल."

मला जमलं नाही. घरी उशीवर, गुंडाळलेल्या टॉवेलवर, आत्याच्या हातावर, सगळ्यांवर सराव केला. आत्या बिचारी आपली शंका विसरून तासन्‌तास हात पुढे करून बसायची. पण मावशी म्हटलं, काका म्हटलं, अगदी नुसतं 'दुखतंय का हो' म्हटलं, की अंगठा तळहातात गेलाच. आणि ओठ कधी पुढे व्हायचे ते मला कळायचंही नाही. आत्यालाच सांगावं लागायचं, की अगं, घातलीस बघ परत. एकदा ती म्हणाली, की घातली तर काय बिघडलं, बरं वाटतं की. मी तिच्यावर उगाचच ओरडले. तिचं म्हणणं खोटं नव्हतं आणि त्यानं अण्णांच्या रक्तात जंतू गेले असते हेही खोटं नव्हतं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, यानं माझं डोकं चक्रावून गेलं होतं. उपाय एकच दिसत होता. ज्या मुलीला मामा, मावशी म्हणता येतं तिला दाराबाहेर ठेवायचं.

दुसऱ्या परीक्षेला खाटेवर कवठेमहांकाळकडच्या एक आजीबाई होत्या. मी आत पाऊल टाकलं आणि त्यांनी डोळे किलकिले करून विचारलं, "कुणाची गं तू?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर द्यायचंच असतं. वडिलांचं नाव सांगायचं, मग त्या गाव विचारणार, मग कुणीतरी ओळखीचं निघणार. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी मनातल्या मनात जर्मन आकडे म्हणायला लागले आणि म्हणाले, "श्रीमती हुल्ले, उजवा हात सरळ ठेवा. थोडं टोचेल." त्यांनी निमूटपणे हात सरळ केला आणि माझ्याकडे बघायचं सोडून छताकडे बघायला लागल्या. माझे हात कोरडे, सरळ, बिनचूक चालले. यंत्रानं जुळतंय म्हणून सांगितलं. अणवेकर मॅडमनी माझ्या पाठीवर थोपटलं, मी नोंदणीच्या पडद्यावर सही केली आणि बाहेर येऊन रडले. आनंद झाला होता की काय झालं होतं, मला सांगता आलं नसतं.

डायलिसिस केंद्रात रुजू झाले. तिथले रुग्ण आपसांत मला गप्प सिस्टर म्हणायला लागले, हे मला सफाईवाल्या ताईंकडून कळलं. पण माझ्या खाटेवर येण्यासाठी ते रांगेत एकमेकांशी वाद घालत, हेही त्यांनीच सांगितलं. मनगटावर सुरुवातीला एकदोनदा गुरगुर झाली, नंतर बंद झाली.

आणि मग अण्णांचा वार माझ्या पाळीत आला. इन-चार्जनी विचारलं, की वडील आहेत, दुसरीला सांगू का? मी नको म्हणाले. यासाठीच तर मी सगळं केलं होतं.

अण्णा नेहमीप्रमाणे डोळे घट्ट मिटून पडले होते. सुयांचं सगळं संपेपर्यंत ते डोळे उघडत नाहीत. पायांची बोटं आवळलेली होती, ओठ कोरडे पडले होते. मी मास्क नाकावर सारखा केला. आजवर त्यांना मी अण्णांशिवाय दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलेली नव्हती.

"श्री. सनदी," मी म्हणाले, "हात सरळ ठेवा."

हात सरळ झाला. फिस्टुलावर बोट ठेवलं तर आतून रक्ताची थरथर लागली. वाजणाऱ्या क्लॅरिनेटवर हात ठेवल्यावर लहानपणी लागायची तशीच. तिथे माझा अंगठा हलला. मनगटानं एकदा गुरगुर केली. मी डोळ्यांसमोर तो लांबचा वॉर्ड आणला, पांढऱ्या भिंती, थंड उजेड, आकडे. गुरगुर थांबली. जागा साफ केली, स्पिरिट सुकू दिलं. ओठ मास्कच्या आत घट्ट मिटून घेतले. पहिली सुई गेली, दुसरी गेली. अण्णांच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. नळ्या जोडल्या, पट्ट्या लावल्या, यंत्र सुरू केलं. त्यांचे केस कपाळावर आले होते, ते तसेच राहू दिले.

"झालं?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"हो."

"कळलंसुद्धा नाही बघा सिस्टर. आता जरा माझ्या पोरीला बोलवा की. इथंच असते ती कामाला."

ते थट्टा करत होते, की त्यांना खरंच कळलं नव्हतं, की त्या भीतीत त्यांना कुणाचाच आवाज ओळखू येत नव्हता, हे मला समजेना. आजही समजलेलं नाही. मी बोलावते म्हणाले. बाहेर गेले, हातमोजे काढून खोक्यात ठेवले, मास्क काढला, साबण लावून हात धुतले आणि दुसऱ्या बाजूनं फिरून त्यांच्या उशाशी जाऊन बसले. त्यांचा मोकळा हात हातात घेतला. अंगठा आपोआप त्यांच्या तळहातात गेला आणि अण्णांनी डोळे उघडले.

"आलीस होय," ते म्हणाले. चेहरा इतका सैल, इतका स्वस्थ मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. "आत्ता एक सिस्टर येऊन गेली. काय हात आहे गं तिचा."

"होय का?"

"बोलत काहीच नाही. पण टोचायला तिलाच पाठवत जा. तू नको. तू आपली नुसती अशी बसायला येत जा."

मी त्यांचे केस मागे सारले.

"सांगते तिला," मी म्हणाले.